जुनी झालेली लिथियम बॅटरी: चार्ज करायची पद्धत बदलायची का?

अकोल्याची_मास्तरीण:

नमस्कार मंडळी. माझ्याकडे ई-स्कूटर आहे, घेऊन साडेतीन वर्षं झाली, वॉरंटी संपलीये. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण तक्रार करायची नाहीये, मला फक्त बॅटरी नीट समजून घ्यायचीय. अकोल्याहून बार्शीटाकळीकडे शाळेत जाते, जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. बॅटरी ३ किलोवॅट-तासाची, एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) प्रकारची, गाडीतच फिक्स आहे, काढून घरात नेता येत नाही. चार्जर ७५० वॅटचा, त्यावर ५८.८ व्होल्ट लिहिलंय.

नवीन होती तेव्हा एका चार्जमध्ये नव्वदच्या आसपास जायची, आता साठ-पासष्ट. ते एक वेळ समजू शकते, पण अजून दोन गोष्टी व्हायला लागल्यात. एक म्हणजे ९० टक्क्यांपर्यंत भरभर चार्ज होते आणि पुढचे दहा टक्के काही केल्या संपत नाहीत. दुसरं, २५ टक्क्यांच्या खाली आली की पुलाच्या चढावर गाडी एकदम दम टाकते, स्क्रीनवरचा आकडा धपकन खाली येतो आणि सपाट रस्त्यावर परत वर चढतो.

आता सल्ले ऐका. आमच्याकडचा मेकॅनिक म्हणतो महिन्यातून एकदा पूर्ण शून्यावर आणा आणि मग रात्रभर चार्ज करा, बॅटरी मोकळी होते. तोच म्हणतो पल्स चार्जर लावून देतो, जुन्या बॅटऱ्या जिवंत होतात. भाऊ म्हणतो ८० च्या वर नेऊच नको. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात १०० करत जा नाहीतर बॅलन्स बिघडतो. मी कुणाचं ऐकू? नवीन बॅटरीला जसं चार्ज करायचो तसंच जुनीला करायचं का काही बदल करायचा? नवीन पॅकची किंमत ऐकलीये, त्यामुळे हीच अजून दीड-दोन वर्षं सांभाळून वापरायची इच्छा आहे.

कीबोर्डवाला_ठाणे:

शून्यावर आणायचा सल्ला अजिबात ऐकू नका ताई. तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा नियम आहे, त्यांना अर्धवट चार्ज केलं की तेवढंच लक्षात राहायचं म्हणून पूर्ण उतरवून घ्यावं लागायचं. लिथियमला तसलं काही नाही, उलट तळाला नेलं की त्रासच होतो. बाकीचं जाणकार सांगतील.

सेल_जोडारी:

ताई, मी भोसरीत बॅटरी पॅक जोडायचं आणि दुरुस्तीचं काम करतो, जरा सविस्तर लिहितो कारण तुम्ही लिहिलेल्या दोन्ही गोष्टींचं कारण एकच आहे आणि ते कळलं की चार्जिंगचं काय करायचं ते आपोआप कळतं.

लिथियम-आयनचा चार्जर दोन टप्प्यांत चालतो. पहिल्या टप्प्यात करंट ठरलेला असतो, तुमच्याकडे अंदाजे तेरा-चौदा अँपिअर, आणि व्होल्टेज हळूहळू चढत जातं. एका सेलला ४.२ व्होल्ट झाले, म्हणजे तुमच्या एकामागे एक जोडलेल्या चौदा सेलच्या ओळीत ५८.८, की दुसरा टप्पा. तिथे चार्जर व्होल्टेज धरून ठेवतो आणि करंट स्वतःहून उतरत जातो, अगदी थोडा उरला की चार्जर बंद. बॅटरी जुनी होते तसा तिचा आतला रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, वाढतो. उदाहरणाला सोपे आकडे घेऊ. नवीन पॅकचा ०.१ ओहम धरा, १३ अँपिअरला १.३ व्होल्ट आतल्या आत जातात, चार्जरला ५८.८ दिसतात तेव्हा सेलवर खरे ५७.५ असतात. तोच रेझिस्टन्स ०.२ झाला की २.६ व्होल्ट जातात, चार्जरला तेच ५८.८ दिसतात पण सेलवर ५६.२ च असतात. म्हणजे पहिला टप्पा लवकर संपला, आणि राहिलेलं सगळं उतरत्या करंटने भरायचं, त्यालाच वेळ लागतो. तुमचे शेवटचे दहा टक्के तिथे अडकतात.

चढावरची गोष्ट हीच, फक्त उलट दिशेने. २५ टक्क्यांना पॅक साधारण ४९ व्होल्टवर असतो. चढावर मोटरने ५० अँपिअर ओढले तर ०.१ ओहमला ५ व्होल्ट पडतात, ४४ राहतात, चालून जातं. ०.२ ओहमला १० व्होल्ट पडतात, ३९ राहतात, म्हणजे सेलमागे २.८ च्या आसपास, आणि त्या आधीच गाडी पॉवर कापायला लागते. सपाटीला करंट कमी झाला की व्होल्टेज परत वर. तेव्हा स्क्रीन बिघडलेली नाहीये, रेझिस्टन्स वाढलाय. तुमच्या पॅकचे नेमके ओहम वेगळे असतील पण गणित असंच चालतं.

रेझिस्टन्स वाढतो का? सेलच्या ऋण बाजूला ग्राफाइट असतं, त्याच्या कणांवर पहिल्या चार्जपासूनच एक पातळ थर बसतो, तो हवाच असतो, त्याच्याशिवाय सेल टिकणार नाही. पण तो वर्षानुवर्षं जाड होत जातो आणि प्रत्येक वेळी थोडं लिथियम कायमचं खातो. दोन गोष्टी त्याला जोरात वाढवतात, एक उष्णता आणि दुसरी म्हणजे सेल भरलेल्या अवस्थेत पडून राहणं. त्यात जुन्या सेलमधली बारीक छिद्रं बुजत आलेली असतात, मग जोरात करंट दिला की लिथियमला ग्राफाइटच्या आत शिरायला वेळ मिळत नाही आणि ते वरच धातू होऊन बसतं, मुलामा चढल्यासारखं. हा मुलामा सगळ्यात वाईट, कारण तो सुरू झाला की क्षमता हळूहळू न घसरता एकदम कोसळते. आमच्याकडे येणारे बरेच पॅक असेच असतात, तीन वर्षं सावकाश घसरले आणि मग दोन महिन्यांत झोपले.

म्हणून माझं उत्तर, हो, पद्धत बदलायची. वरची हद्द खाली आणायची, करंट कमी ठेवायचा, आणि गरम असताना लावायचं नाही. नवीन बॅटरी हे सगळं सहन करते, जुनीला तेवढी जागा उरलेली नसते.

वरच्या हद्दीचे आकडे देतो. बॅटरी युनिव्हर्सिटी या वेबसाइटचं जे कोष्टक सगळीकडे फिरतं त्यात ४.२ व्होल्टला ३०० ते ५०० सायकल (पूर्ण भरून-उतरवण्याच्या फेऱ्या), ४.१ ला ६०० ते १०००, आणि ४.० ला १२०० ते २००० असं दिलंय. ते लॅपटॉप-मोबाइलच्या सेलचे आकडे आहेत, तुमच्या पॅकला जसेच्या तसे लागू नका करू, पण कल तोच राहतो, ०.१ व्होल्ट उतरवला की आयुष्य जवळपास दुप्पट. बदल्यात ४.१ ला दहा-पंधरा टक्के क्षमता सोडावी लागते. तुमची रोजची गरज चाळीस किलोमीटर आणि रेंज साठ-पासष्ट, त्यामुळे रोज ८५-९० वर थांबलात तरी परत येताना वीस टक्क्यांच्या आसपास हातात राहतील. भाऊ ८० म्हणतो ते चूक नाही, पण तुमच्या अंतराला ८० वरून निघालात तर येताना १५ च्या आसपास याल आणि तो पूल तिथेच लागेल. खाली जास्त उतरवण्यापेक्षा वर पाच टक्के जास्त घेतलेले बरे.

करंटचं म्हणाल तर ३ किलोवॅट-तासाला ७५० वॅट म्हणजे तासाला क्षमतेच्या पाव पट. आज तुमची बॅटरी २.२ च्या आसपास उरली असणार, तिला तेच ७५० वॅट एक तृतीयांश पट होतात. चार्जर तोच, बॅटरीला मात्र तो आता जास्त जोराचा आहे. घरच्या चार्जरपुरतं हे ठीकच आहे, त्याची काळजी नको. रस्त्यावरचे फास्ट चार्जर मात्र जुन्या पॅकला अगदी अडल्या वेळीच लावा.

नाशिक_ईव्ही:

थोडा विरोध नोंदवतो. माझी कार एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीची आहे आणि मी दर आठवड्याला १०० करतो, तसंच करायला सांगितलंय. टेस्लासुद्धा एलएफपीवाल्यांना आठवड्यातून किमान एकदा १०० करा असंच सांगते. मग ८० आणि ९० चा नियम सगळ्यांना कसा काय लागू होईल? लोक एकाचं वाचून दुसऱ्याला सांगतात आणि एलएफपीवाले उगाच घाबरून ६० टक्क्यांवर गाडी ठेवतात.

सेल_जोडारी:

नाशिककर, तुमचं बरोबर आहे आणि हे लिहिलंत ते बरं झालं. एलएफपीचा सेल ३.२ व्होल्टचा, ३.६५ ला पूर्ण भरतो, आणि मधल्या सगळ्या पट्ट्यात त्याचं व्होल्टेज जवळपास सपाट असतं. त्यामुळे ४० टक्के आहेत का ७० हे बीएमएसला (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटला) व्होल्टेजवरून ओळखताच येत नाही, आत किती गेले बाहेर किती आले याचा हिशोब ठेवत राहतो आणि तो हिशोब चुकत जातो. वर टोकाला गेल्यावरच व्होल्टेज उठतं, तिथे त्याला खूण सापडते. म्हणून आठवड्याला १००. भरून ठेवल्याचं नुकसान एलएफपीलाही होतं, फक्त एनएमसीइतकं नाही. ताईंची एनएमसी आहे, ५८.८ चा चार्जर म्हणजे चौदा गुणिले ४.२, तिथे शंका नाही. ज्यांना आपली कुठली ते माहीत नाही त्यांनी चार्जरवरचा आकडा ४.२ ने आणि ३.६५ ने भागून बघा, ज्याने पूर्ण संख्या येते ती तुमची. चुकून दोन्हींनी जवळपास पूर्ण आलीच तर गाडीचे कागद बघा.

चंद्रपूर_४६:

मला एकच मुद्दा मांडायचाय, आणि विदर्भात राहणाऱ्याला तो बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आहे. ऊन! वर कोष्टकाचं लिहिलंय, त्याच ठिकाणी बॅटरी नुसती पडून राहिली तर काय होतं याचंही कोष्टक आहे. वर्षभर २५ अंशाला पूर्ण भरून ठेवलेल्या बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांवर येते, ४० अंशाला ६५ वर. आणि तीच ४० अंशाला फक्त ४० टक्के भरून ठेवली तर ८५ राहते. आपल्याकडे मार्च ते जून दुपारी सावलीतच ४० असतं, उन्हात लावलेल्या गाडीच्या सीटखाली किती होत असेल. बहुतेक लिथियम-आयन सेलना चार्जिंगची परवानगीच ० ते ४५ अंशांची असते.

आता ताई तुमचा दिवस बघा. सकाळी १०० करून निघालात, शाळेत पोचल्यावर ६५-७० टक्के, दिवसभर उन्हात उभी, दुपारी तापलेली गाडी चालवत घरी आलात आणि आल्या आल्या चार्जिंगला लावली. म्हणजे पॅक दिवसातला सगळ्यात गरम असताना त्यात करंट ढकलला आणि रात्री दहाला १०० होऊन सकाळपर्यंत तशीच भरून बसली. ह्याच्या बरोबर उलट करा. संध्याकाळी नुसती उभी करा, थंड होऊ द्या, आणि पहाटे चार्ज करा म्हणजे निघायच्या तासभर आधी संपेल. बॅटरी थंड, भरून बसायचा वेळ तासभर, आणि उन्हाळ्यात पहाटे हवा पण बरी असते. तासभर राखीव यासाठी की आपल्याकडे पहाटे लाईट जाते कधीकधी. शाळेत झाडाखाली जागा मिळत असेल तर ती पहिली पकडा, मुख्याध्यापकांना सांगून शेड करून घेता आली तर उत्तमच.

अकोल्याची_मास्तरीण:

खरंच मनापासून आभार, इतकं कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. चंद्रपूर दादा, तुम्ही माझा दिवस जसाच्या तसा लिहिलात, घरी आले की पर्स ठेवायच्या आधी चार्जर लावते मी.

दोन अडचणी आहेत. माझ्या गाडीच्या ॲपमध्ये ८० किंवा ९० वर थांबवायची सोयच नाही, १०० होईपर्यंत चालू राहतं. आणि पहाटे तीनला उठून स्विच टाकणं काही जमणार नाही. दुसरं म्हणजे बॅलन्सचं काय, सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात ते खोटं आहे का?

सेल_जोडारी:

उठायची गरज नाही, टायमर सॉकेट मिळतं, गिझरला लावतात तसलं. तुमचा चार्जर चारेक अँपिअरच ओढत असेल तरी १६ अँपिअरचंच घ्या, कारण तासन्‌तास लोड राहतो आणि हलक्या सॉकेटच्या पिना तापतात. किती वेळ लावायचा त्याचा हिशोब असा की तुमची बॅटरी आज २.२ किलोवॅट-तासाची धरली आणि २५ वरून ९० वर न्यायचीये, म्हणजे ६५ टक्के, १.४३ किलोवॅट-तास. भागिले ०.७५ म्हणजे एक तास पंचावन्न मिनिटं. वरच्या टोकाला करंट उतरायला लागतो म्हणून दोन तास दहा मिनिटं लावा. पहिले दोन-तीन दिवस बघून वेळ मागे-पुढे करा, मग लक्ष द्यावं लागणार नाही. चार्जरचं व्होल्टेज कमी करून ५७.४ वर बसवणारेही लोक आहेत, ती पद्धत टायमरपेक्षा चांगली आहे, पण चार्जर उघडून आतला स्क्रू फिरवणं हे ज्याचं काम त्यानेच करावं, आणि काही गाड्या कंपनीच्या चार्जरशी बोलून घेतल्याशिवाय चार्जच घेत नाहीत.

बॅलन्सचं ते खरं सांगतात, पण अर्धंच. चौदा गट एका ओळीत असतात, सगळे सारखे भरलेले राहत नाहीत. जो गट आधी ४.२ ला पोचतो तो बीएमएसला थांबवतो, मग बाकीचे भरायचे राहतात. बीएमएस पुढे गेलेल्या गटातली थोडी वीज रेझिस्टरमध्ये जाळून सगळ्यांना एका रेषेत आणतो. बहुतेक गाड्यांत हे काम वरच्या टोकालाच चालतं, साधारण ४.१ च्या पुढे. म्हणजे कायम ८० वरच थांबलात तर बॅलन्सला कधी संधीच मिळत नाही. म्हणून रोज ९०, आणि दोन-तीन आठवड्यांतून एकदा, शक्यतो रविवारी आणि थंड दिवशी, १०० होऊ द्यायचं आणि चार्जर पुढे तीन-चार तास तसाच लावून ठेवायचा. जुन्या पॅकला बॅलन्सची गरज नव्यापेक्षा जास्त असते, कारण गट एकसारखे म्हातारे होत नाहीत, मधला गरम राहतो तो आधी थकतो.

तरंग_सांगली:

पल्स चार्जरवर कुणीच काही बोललं नाही. ते एकदम भोंदूगिरी म्हणून सोडू नका. २०२४ मध्ये बर्लिनच्या हेल्महोल्ट्झ सेंटरच्या लोकांनी एनएमसी सेलवर प्रयोग केला, चार्जिंगचा करंट सरळ न देता सेकंदाला २००० वेळा चालू-बंद करून दिला, तर सेलचं आयुष्य जवळपास दुप्पट झालं, ग्राफाइटवरचा तो थर पातळ राहिला. मला वाटतं पुढे चार्जर असेच येतील.

सेल_जोडारी:

तरंगराव, तो प्रयोग मीही वाचलाय आणि चांगलाच आहे. पण त्यात नवीन सेल पहिल्यापासून पल्सवर चालवले होते, आधीच खराब झालेला सेल पल्स देऊन परत तरुण केला असं नव्हतं. आणि मेकॅनिक ज्याला पल्स चार्जर म्हणतो ते यंत्र लेड-ॲसिड बॅटरीचं असतं, तिच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे जमतात ते फोडायला व्होल्टेजचे झटके देतं. लिथियममध्ये सल्फेट नाहीच. तसले झटके बीएमएसमधून गेले तर त्यातले मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) जाऊ शकतात, आणि बीएमएसला वळसा घालून थेट सेलला दिले तर आगीशी खेळ आहे. ताई, मेकॅनिकला स्पष्ट नाही म्हणा, तो वाईट माणूस असेल असं नाही, त्याने आयुष्यभर लेड-ॲसिड केलंय.

कीबोर्डवाला_ठाणे:

एक गंमत बघा, म्हणजे मला तरी ती फार महत्त्वाची वाटते, इथे जे सांगताय ते मोबाइल कंपन्या आता स्वतःहून करायला लागल्यात. गूगलचा पिक्सेल ९ए २०२५ मध्ये आला, त्यात अशी सोय आहे की २०० सायकल झाल्या की फोन चार्जिंगचं कमाल व्होल्टेज टप्प्याटप्प्याने उतरवायला लागतो, १००० सायकलपर्यंत, आणि चार्जिंगचा वेगही वयाप्रमाणे बदलतो. आणि ती सोय बंद करता येत नाही. बऱ्याच लोकांना राग आला, विकत घेतलेली क्षमता काढून घेतात म्हणून, पण तांत्रिकदृष्ट्या जुन्या सेलला हेच हवं असतं. आयफोनला १५ पासून ८० टक्क्यांची मर्यादा लावता येते. लॅपटॉपला तर आधीपासून आहे, थिंकपॅडला कुठे थांबायचं आणि कुठे परत सुरू व्हायचं दोन्ही आकडे देता येतात.

ज्यांचा लॅपटॉप वर्षभर टेबलावर चार्जरला लावलेलाच असतो त्यांनी ६० ते ८० ची मर्यादा आजच लावा. तिथे सायकल होतच नाहीत, बॅटरी मरते ती भरून आणि तापून. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवरून बॅटरी रिपोर्ट काढता येतो, त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी-शेजारी दिसते.

कॅलगरीकर:

इकडे कॅनडात उलटा त्रास. शून्य अंशाच्या खाली चार्ज करायचं नाही हा नियम सगळ्यांना माहीत असतो, पण जुन्या बॅटरीला पाच-सात अंशालाही जपावं लागतं, वर लिथियमच्या ज्या मुलाम्याचं लिहिलंय तो थंडीत लवकर बसतो. माझ्या ई-बाइकची बॅटरी मी घरात आणून दोनेक तास तशीच ठेवतो, आणि मगच लावतो. महाराष्ट्रात हे फार लागणार नाही, पण महाबळेश्वरला किंवा उत्तरेत डिसेंबर-जानेवारीत गाडी बाहेर असेल तर लक्षात ठेवा.

चंद्रपूर_४६:

जोडारी भाऊ, एक विचारतो. कुठल्या टप्प्यावर चार्जिंगची पद्धत वगैरे सोडून बॅटरी काढूनच टाकायची? आमच्या गल्लीत एकाची फुगलेली आहे आणि तो वापरतोय.

सेल_जोडारी:

फुगली की वापर बंद, त्याच दिवशी. आत गॅस झालाय, दाबून बसवायची नाही, टोचायची तर अजिबातच नाही. त्याला सांगा गाडी घरातून बाहेर काढ आणि चार्जिंगला लावू नको.

बाकी खुणा सांगतो. चार्ज करताना गोडसर वास आला तर इलेक्ट्रोलाइट गळतंय. व्होल्टेज वर पोचूनही करंट उतरत नाही, चार्जर तासन्‌तास संपतच नाही आणि पॅक गरम होतो, म्हणजे एखादा सेल आतल्या आत वीज खातोय. नुसती उभी असलेली गाडी चार दिवसांत दहा टक्के उतरली तर तेच. आणि एखादा पॅक महिनोन्‌महिने पडून सेलमागे २ व्होल्टच्या खाली गेला असेल तर तो परत चार्ज करायचा प्रयत्न करू नका, आतलं तांबं विरघळलेलं असतं आणि चार्ज करताना त्याचेच धागे होऊन शॉर्ट होतो. काही लोक हे पॅक उठवून विकतात, मी करत नाही.

डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ई-दुचाकींच्या बॅटरीच्या सुरक्षेसाठीच्या एआयएस-१५६ या मानकाचे कडक नियम लागू झाले. त्याआधी बनलेल्या पॅकना त्या चाचण्या नव्हत्या, तेव्हा आपली गाडी कधीची ते बघा आणि जुनी असेल तर झोपायच्या खोलीजवळ, जिन्याखाली चार्ज करू नका. काढलेली बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, विचारा त्यांना.

अकोल्याची_मास्तरीण:

अपडेट देते. टायमर लावलाय, पहाटे चार्ज होते, ९० च्या आसपास थांबते. शाळेत लिंबाच्या झाडाखाली जागा धरलीये. सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन सांगितलं की मला प्रत्येक गटाचं व्होल्टेज हवंय, पूर्ण भरलेली असताना आणि वीस टक्क्यांच्या आसपास असताना, दोन्ही वेळचं. आधी कुरकुरले, मग मोबाइलवर दाखवलं. पूर्ण भरलेली असताना तेरा गट ४.१८ ते ४.१९ आणि नववा ४.११. खाली बाकीचे ३.५२ च्या आसपास आणि नववा ३.४४. ते म्हणाले एक मॉड्यूल (सेलचा संच) खराब झालंय, बदला. बदलू का?

सेल_जोडारी:

ताई, दोन्ही वेळचे आकडे मागितलेत हे फार छान केलंत, त्यातच उत्तर आहे. लगेच बदलू नका. गटाची क्षमता कमी झालेली असती तर तो भरताना सगळ्यांच्या आधी वर गेला असता आणि उतरताना सगळ्यांच्या आधी खाली. वर पुढे, खाली मागे. तुमचा नववा दोन्हीकडे मागेच आहे, म्हणजे त्याची क्षमता बरीचशी ठीक असावी, नुसता तो बाकीच्यांपेक्षा कमी भरलेला आहे. हे बॅलन्सने भरून निघू शकतं.

पण एका रविवारी निघणार नाही. वरच्या टोकाला ०.०७ व्होल्टचा फरक म्हणजे अंदाजे सहा टक्के, तुमचा पॅक आज ४२ अँपिअर-तासाचा धरला तर अडीच अँपिअर-तास. बीएमएस ०.१ अँपिअरने बॅलन्स करत असेल तर पंचवीसेक तास लागतात, काहींचा वेग त्याच्या निम्मा असतो. तेव्हा पुढचे काही रविवार १०० झाल्यावर दुपारऐवजी रात्री, थंडाव्याला, पाच-सहा तास चार्जर लावून ठेवा. मधले दिवस ९० च. इतर वेळी मी भरून ठेवू नका म्हणतो पण इथे ते पाच-सहा तास वसूल होतात, कारण नववा वर आला की चढावर पॉवर कापणारा सगळ्यात दुबळा गट उरणार नाही आणि रेंजही चारेक किलोमीटर परत मिळेल.

मग परत ते दोन्ही वेळचे आकडे घ्या. नववा बाकीच्यांच्या बरोबरीला आला आणि तिथेच राहिला तर मॉड्यूलचा विषय संपला. बरोबरीला आला पण महिन्याभरात पुन्हा मागे पडला, तर तो आतल्या आत उतरतोय, त्याला कुठल्याच चार्जिंगने आराम पडणार नाही आणि तेव्हा मॉड्यूल बदलायचं. बदलताना नवा कोरा सेल जुन्यांच्या ओळीत घालू देऊ नका, त्याच वयाच्या, मोजून क्षमता जुळवलेल्या सेलचं मागा, नाहीतर नवीन आणि जुने कधीच जुळत नाहीत आणि बॅलन्सचं हे सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. आकडे आले की इथेच टाका, बघून सांगतो.